इंजिन खाली आलंय, तर अजून काय काय बदलायचं?

गाडीचं इंजिन बाहेर काढायची वेळ सहसा येत नाही. गाडी ऑइल प्यायला लागली, मागून निळा धूर यायला लागला, मोठा अपघात झाला किंवा गिअरबॉक्सचं दुखणं हाताबाहेर गेलं, तरच ती येते. मग एक दिवस इंजिन चेनकप्पीला लटकलेलं दिसतं, बॉनेटखाली एक रिकामी खोली दिसते, आणि मेकॅनिक हात पुसत म्हणतो, "साहेब, आता उघडलंच आहे तर क्लचपण करून घ्या. सीलपण टाकू. फाउंडेशन गेलेत. वॉटर पंप बघून घेऊ." तुम्ही मनातल्या मनात बेरीज करता. तो आपल्या भल्याचं सांगतोय की बिल वाढवतोय, हे कळायला तुमच्याकडे काही मार्ग नसतो.

नेमक्या याच प्रश्नावर गेली साठेक वर्षं संशोधन चालू आहे. इंग्रजीत त्याला जे नाव आहे त्याचं सरळ मराठी केलं तर "संधिसाधू देखभाल" असं होतं. शब्द वाचून पक्ष बदलणारे पुढारी आठवतात, त्याला माझा इलाज नाही. कल्पना साधी आहे: एका कारणासाठी मशीन उघडलंच आहे, तर त्या संधीत बाकी कशाला हात लावायचा आणि कशाला नाही? माझ्या प्रबंधात गाड्या नाहीत, कारखान्यातले पंप आहेत. पण गणित तेच आहे, आणि गाडीवर ते जास्त चांगलं कळतं. म्हणून आज गाडी. डोळ्यासमोर पुढे इंजिन असलेली, पुढची चाकं ओढणारी, हाताने गिअर टाकायची एखादी छोटी पेट्रोल गाडी ठेवा. मारुती ८००, अल्टो, झेन, यांपैकी कुठलीही चालेल.

तीनशे रुपयांचं सील

सगळ्यात स्वस्त वस्तूपासून सुरुवात करू. क्रँकशाफ्टचं एक टोक ब्लॉकमधून बाहेर येतं, त्यावर फ्लायव्हील बसतं. जिथून ते बाहेर येतं तिथे एक गोल रबरी ऑइल सील असतं. त्याची ओठासारखी पातळ कड फिरणाऱ्या शाफ्टवर टेकून राहते आणि आतलं ऑइल आत ठेवते. हे सील गळायला लागलं तर तिथे पोचण्यासाठी आधी गिअरबॉक्स वेगळा करायचा, मग क्लच, मग फ्लायव्हील. सील बदलायला पाच मिनिटं, तिथे पोचायला अख्खा दिवस.

हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. तुमच्या गावात ते वेगळे असतील, ते घालून बघा. सील ३०० रुपये. पुन्हा सगळं खोलायची मजुरी ८,००० रुपये. गाडी बंद राहिल्याचा, टो करून आणल्याचा, रिक्षाने फिरल्याचा खर्च २,००० रुपये. आज सील बदललं तर वाढीव खर्च फक्त ३०० रुपये, कारण समोर ते उघडंच आहे. नाही बदललं आणि नंतर गेलं, तर १०,३०० रुपये. ३०० ला १०,३०० ने भागलं की साधारण ३ टक्के येतात. म्हणजे सील बदलल्यामुळे ते पुढच्या काळात जाण्याची शक्यता जर ३ टक्क्यांहून जास्त कमी होत असेल, तर बदलणं फायद्याचं. ऐंशी हजार किलोमीटर धावलेल्या, दहा वर्षं गरम ऑइलमध्ये भाजलेल्या रबराबाबत ३ टक्के ही काहीच अट नाही. डोळे झाकून बदला.

आता हेच क्लचला लावू. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मिळून ४,५०० रुपये धरले, तर नंतरचा खर्च १४,५०० होतो आणि अट जाते ३१ टक्क्यांवर. आता डोळे झाकून चालणार नाही, क्लच किती झिजलाय ते बघावं लागेल. आणि अल्टरनेटर? तो ६,००० रुपयांचा, पण तो काढायला इंजिन उतरवायला लागत नाही. नंतर गेला तरी मजुरी ५०० रुपये, वर तेच २,००० रुपये त्रासाचे. ६,००० भागिले ८,५००, म्हणजे साधारण ७१ टक्के. चालू अल्टरनेटर "उघडलंय तर" म्हणून बदलणं हा जवळजवळ नेहमीच तोट्याचा सौदा आहे, कारण उघडण्याचा त्याच्याशी काही संबंधच नाही.

या तीन भागाकारांमध्ये एक गोष्ट लक्षात आली का? वस्तू किती महत्त्वाची आहे हे आपण कुठेच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की तिथे पोचायला किती पडतं.

म्हणूनच गाडी बदलली की यादी बदलते. जुन्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिन मागे असतं आणि ते गिअरबॉक्सला चार नट-बोल्टांनी धरलेलं असतं. तिथे क्लच बदलायचा म्हणजे इंजिन काढणं आलंच, पण ते काढणंच इतकं सोपं, की उरलेलं आयुष्य वापरून मग पुन्हा उघडलं तरी फार बिघडत नाही. दुसऱ्या टोकाला फेरारी एफ ३५५. तिचा टायमिंग बेल्ट बदलण्यासाठीसुद्धा इंजिन खाली उतरवावं लागतं. तिथे एकदा उतरवलं की शंका असलेली प्रत्येक नळी बदलणारा मालक उधळ्या नसतो, तो हिशेबी असतो.

जुनं म्हणजे वाईट, हे नेहमी खरं नाही

वरच्या हिशेबात मी एक शब्द मुद्दाम वापरला: शक्यता किती *कमी होते*. जुनी वस्तू जाण्याची शक्यता किती आहे एवढंच बघून भागत नाही. नवी टाकली तर ती जाण्याची शक्यताही असतेच. फरक महत्त्वाचा.

वालोडी वायबुल या स्वीडिश इंजिनिअरने १९५१ साली एका लेखात आयुष्य मोजायचं एक सूत्र मांडलं. आमच्या क्षेत्रात ते मिठासारखं सगळीकडे असतं. त्यात "बीटा" नावाचा एक आकडा आहे. बीटा १ पेक्षा मोठा असेल तर वस्तू वयाबरोबर थकते. बरोबर १ असेल तर वयाचा काही संबंध नाही, वस्तू कधीही जाऊ शकते. १ पेक्षा लहान असेल तर नवी असतानाच जास्त जाते, टिकली की टिकली.

एक उदाहरण करून बघू. दोन वस्तू घ्या. दोघींचं सूत्रातलं आयुष्य दीड लाख किलोमीटर, दोघी ८०,००० किलोमीटर चाललेल्या. इंजिन पुन्हा खाली यायला अजून ६०,००० किलोमीटर आहेत असं समजू. पहिलीचा बीटा ३, ती थकणारी. या ६०,००० मध्ये ती जाण्याची शक्यता ४८ टक्के येते. तिच्या जागी नवी टाकली तर ६ टक्के. म्हणजे ४२ टक्क्यांचा फायदा. दुसरीचा बीटा १. ती जाण्याची शक्यता ३३ टक्के. आता तिच्या जागी नवी टाका: शक्यता तीच, ३३ टक्के. तुम्ही पैसे दिले आणि मिळालं शून्य. ३३ टक्के हा आकडा भीतीदायक वाटतो आणि "बदलूनच टाका" असं आपण पटकन म्हणून जातो, पण इथे बदलण्याने काही होतच नाही.

रबर, बेल्ट, क्लचचं घर्षण अस्तर, ग्रीस भरून बंद केलेली बेअरिंगं ही पहिल्या जातीची. रबर उष्णतेने आणि नुसत्या वर्षांनीही कडक होतं. बरेचसे सेन्सर, रिले, इलेक्ट्रॉनिक डबे दुसऱ्या जातीकडे झुकतात.

दोन रेघा

आता मूळ संशोधनाकडे येतो. १९६३ साली रॉय रॅडनर आणि डेल जॉर्गेन्सन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. हो, अर्थशास्त्रज्ञांनी. प्रश्न असा होता: एका यंत्रात एक भाग असा आहे जो वयाने थकतो पण बाहेरून कळत नाही. बाकीचे भाग असे, की ते गेले की लगेच कळतं आणि त्यांच्या जाण्याला वयाचा संबंध नाही. दोन भाग एकत्र बदलले तर वेगवेगळे बदलण्यापेक्षा स्वस्त पडतात. मग थकणारा भाग कधी बदलायचा?

त्यांचं उत्तर असं, की या भागाच्या वयावर दोन रेघा आखा, एक खालची आणि एक वरची. वय खालच्या रेघेच्या आत असेल तर यंत्र कशासाठीही उघडलेलं असलं तरी त्याला हात लावू नका. वय दोन रेघांच्या मध्ये असेल तर मुद्दाम उघडू नका, पण दुसऱ्या कशासाठी उघडलं असेल तर ती संधी साधा. वय वरच्या रेघेला टेकलं की संधीची वाट न बघता उघडा आणि बदला. आणि वयाने न थकणारे भाग? ते गेल्यावरच बदला.

मेकॅनिकचं "उघडलंच आहे तर" हे मधल्या पट्ट्यातलं वाक्य आहे. तिथे ते शंभर टक्के बरोबर आहे. फक्त खालच्या रेघेच्या आतल्या भागाला तेच वाक्य लावलं, की ते चुकतं. वीस हजार किलोमीटरपूर्वी टाकलेला क्लच पुन्हा नवा टाकणं, हा त्यातलाच प्रकार.

खालची रेघ कुठे आखायची हे फक्त गाडीवर नाही, तुमच्यावरही अवलंबून आहे. शाळेची मुलं सोडणाऱ्या ओम्नीच्या मालकाचा विचार करा. गाडी दोन दिवस बंद म्हणजे पालकांचे फोन, दुसरी गाडी भाड्याने, कदाचित पुढच्या महिन्यात दोन मुलं कमी. त्याच्या हिशेबात त्रासाचे २,००० नाहीत, कितीतरी जास्त आहेत, म्हणून त्याची खालची रेघ बरीच खाली येते. उलट चौदा वर्षांची गाडी आहे, पंधराव्या वर्षी नोंदणीचं नूतनीकरण करायचं नाही, ती काढूनच टाकायची आहे, असं ठरलेलं असेल, तर पुढचे ६०,००० किलोमीटर उरलेलेच नाहीत. रेघ वर सरकते. एकाच गॅरेजमध्ये शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्याच गाड्यांसाठी मेकॅनिकने दोन वेगळे सल्ले दिले, तर त्याच्यावर लगेच संशय घेऊ नका.

प्रत्यक्ष खोलीत डोकावताना

क्रँकचं मागचं सील झालंच. ते बदलताना शाफ्टवर जुन्या ओठाने घासून पाडलेली चर दिसते का ते बघायला सांगा. नखाला लागण्याइतकी चर असेल तर नवं सील किंचित मागे-पुढे बसवतात, म्हणजे ओठ ताज्या जागेवर टेकतो. तसं न करता सरळ ठोकलं तर नवं सीलही गळतं, आणि मग दोष कंपनीच्या मालाला जातो. ओठाला ऑइल लावूनच बसवायचं. कोरडं सील पहिल्या फेऱ्यांतच भाजतं.

त्याच्या समोर, गिअरबॉक्सच्या बाजूला, इनपुट शाफ्टचं सील असतं. क्लचच्या घरात ऑइल दिसलं तर ते कोणाचं हे आधी ओळखा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला तो नसतो. नाकाला दहा सेकंद लागतात, आणि चुकीचं सील बदलून गाडी परत जोडली जाणं टळतं.

यातलं कुठलंही सील गळलं की ऑइल क्लच प्लेटवर जातं, आणि प्लेट झिजलेली नसली तरी घसरते, गाडी उचलताना थरथरते. आमच्या भाषेत भाग एकमेकांवर तीन प्रकारांनी अवलंबून असतात: खर्चाने, रचनेने आणि बिघाडाने. सील आणि क्लच तिन्ही प्रकारांनी बांधलेले आहेत. म्हणून नवा क्लच टाकून जुनं सील तसंच ठेवणं हा मला सगळ्यात न पटणारा काटकसरीचा प्रकार वाटतो. ३०० वाचवायला ४,५०० पणाला लावायचे.

क्लचबाबत अंदाज करायची गरज नाही, मोजता येतं. प्लेटच्या अस्तरात रिव्हेट बुडालेले असतात. अस्तराच्या पृष्ठभागापासून रिव्हेटच्या डोक्यापर्यंतची खोली व्हर्नियरने मोजायची. कंपनीनुसार ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपासची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. तिच्या जवळ आलं असेल तर बदला. निम्म्याहून जास्त अस्तर शिल्लक असेल आणि कोरडं असेल, तर मी ठेवेन. मात्र रिलीज बेअरिंगला हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर प्लेट कशीही असो, बेअरिंग नवं. फ्लायव्हीलच्या चेहऱ्यावर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा असतील तर तेही आत्ताच बघायचं.

इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसतं, ज्यांना गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात, ते इंजिन उतरवताना सुटलेलेच असतात. मजुरी शून्य. रबर फाटलंय, धातूपासून सुटलंय, एका बाजूला बसलंय असं दिसलं तर बदला. खचलेल्या बैठकीवरचं इंजिन हलतं आणि सायलेन्सरच्या पुढच्या नळीला, ॲक्सलच्या जोडांना हिसके देत राहतं.

ब्लॉकच्या अंगावर पत्र्याच्या गोल टिकल्या बसवलेल्या दिसतील, त्या कोअर प्लग. आत पाणी खेळतं, त्याच्या वाटा त्यांनी बंद केलेल्या असतात. काही टिकल्या केबिनकडच्या भिंतीच्या बाजूला किंवा गिअरबॉक्सच्या आड असतात आणि इंजिन जागेवर असताना तिथे हात पोचत नाही. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलं असेल तर त्या आतून गंजतात. भोवती तांबूस ओघळ आहे का बघा. असेल तर सगळ्या बदलून घ्या, एकच नको, कारण त्या एका दिवशी बसल्या आणि एकच पाणी प्यायल्या.

टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत बेल्ट आणि टेन्शनर. बेल्ट इंजिन न उतरवताही बदलता येतो, पण अरुंद जागेत. मोकळ्या इंजिनवर ते काम नीट होतं, आणि त्याच्या मागची क्रँक व कॅमची पुढची सीलंही दिसतात. काही इंजिनांत तुटलेल्या बेल्टमुळे व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, म्हणजे नुकतंच केलेलं सगळं काम पाण्यात. वॉटर पंप बेल्टच्या मागे असेल तर तोही याच वेळी. बाहेर, हाताला येण्यासारखा असेल तर फक्त फिरवून बघा.

मग नळ्या. हीटरच्या, बायपासच्या, पेट्रोलच्या. क्लिपखालची टोकं दाबून बघायची, कारण चिरा तिथे पडतात. पेट्रोलच्या रबरी नळ्यांकडे हल्ली जास्त लक्ष द्या. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांतलं रबर ते गृहीत धरून निवडलेलं नव्हतं.

ही झाली इंजिनाची बाजू. रिकाम्या खोलीच्या बाजूला बॅटरी घेऊन वाका. मागच्या भिंतीवरून जाणारे ब्रेक पाइप, स्टिअरिंग रॅकचे रबरी बूट, इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थची जाड वायर, खालचा आडवा लोखंडी पट्टा. कोकणात किंवा समुद्राजवळ गाडी राहत असेल तर इथला गंज कल्पनेपेक्षा जास्त निघतो. गंज घासून रंगाचा हात मारायला एरवी ही जागा कधीच मिळत नाही.

हात न लावण्याबद्दल

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन नावाचा जीवशास्त्रज्ञ विमानांच्या दुरुस्तीची आकडेवारी तपासत होता. विमानांची दर ५० तासांनी ठरलेली तपासणी व्हायची. तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवेत. त्याला दिसलं उलटं: तपासणीनंतर लगेच अनपेक्षित बिघाड वाढायचे आणि मग हळूहळू कमी होत जायचे. नीट चाललेल्या गोष्टी उघडल्यामुळेच बिघडत होत्या.

१९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांच्या अहवालात विमानांच्या भागांचा अभ्यास आला. त्यात ८९ टक्के भाग असे निघाले, की ठरावीक वयाला बदलल्याने त्यांना काही फायदा नव्हता. ६८ टक्के भाग तर नवे असताना जास्त जाणाऱ्या जातीचे होते. विमान आणि छोटी गाडी एक नाही. विमानात इलेक्ट्रॉनिक भाग खूप, आपल्या गाडीत रबर खूप. म्हणून ८९ हा आकडा गाडीला चिकटवू नका. पण नव्या भागाला स्वतःची जोखीम असते, हे गाडीलाही तितकंच लागू आहे. त्यात बाजारात पाकिटावर कंपनीचं नाव आणि आत भलताच माल, हेही चालतं. पंधरा वर्षं टिकलेला मूळ सेन्सर काढून असा नवा घालणं म्हणजे शक्यता कमी करायच्या ऐवजी वाढवणं.

त्यामुळे चालू असलेले सेन्सर, स्टार्टर, इंजेक्टर, तक्रार नसलेलं सिलिंडर हेड यांना "उघडलंय तर" म्हणून उघडायचं नाही. ज्या कामासाठी इंजिन काढलंय त्यातच हेड उघडणार असेल तर प्रश्न वेगळा.

वॉडिंग्टनचं निरीक्षण तुमच्या गॅरेजमध्येही घडणार हे धरून चाला. इंजिन काढण्याआधी प्रत्येक वायर, प्रत्येक नळी कुठून कुठे जाते याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बोल्ट जागेप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर मार्करने नाव. कनेक्टर वायर धरून ओढायचा नाही, खटका दाबून सोडवायचा. फ्लायव्हील आणि क्लचचे बोल्ट टॉर्क रेंचनेच, अंदाजाने नाही.

आणि गाडी हातात आल्यावर लगेच घाट चढायला नेऊ नका. पहिले चार-पाच दिवस गावातच चालवा. रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवून डाग बघा, इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा, ऑइलची काडी बघा. हवा अडकलेली असेल तर पातळी पहिल्या एक-दोन दिवसांत उतरते, तेव्हा भरायची. पाचशेएक किलोमीटर झाले की गॅरेजला परत नेऊन क्लिपा आणि फाउंडेशनचे बोल्ट तपासून घ्या. आणि काय काय बदललं, किती किलोमीटरवर, हे बिलाच्या मागेच लिहून बिल गाडीच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या वेळी रेघा आखायला तेच आकडे लागतील.